मुंबई ते अगत्ती : एक तरता मुक्काम

डिसेंबरात शाळांना नाताळची सुट्टी लागली की मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर दुपारपासूनच गर्दी जमू लागते. चाकांच्या बॅगा, गळ्यात कॅमेरे, हातात आधार कार्ड आणि छापील तिकिटे घेतलेल्या माणसांची रांग पुढे सरकत असते. या रांगेत सांगली-कोल्हापूरकडचे तीन पिढ्यांचे एखादे जैन कुटुंब हमखास दिसते. आजोबांच्या डोक्यावर पांढरी टोपी, आजींच्या हातात जपमाळेची पिशवी, नातवंडांच्या डोळ्यांवर नवे काळे चष्मे. सुनेच्या बॅगेत खाकरा, मेतकूट आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा असा चार दिवसांचा बंदोबस्त असतो. तपासणीच्या टेबलाशी त्यातला बराचसा बाजूला निघतो, कारण बहुतेक क्रूझ जहाजांवर बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत. हा नियम तिकीट काढतानाच विचारून घेतलेला बरा, म्हणजे ऐन वेळी आजींचा चेहरा उतरत नाही.

हा धक्का जुना आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टचे प्रवर्तक कर्नल बॅलार्ड यांचे नाव त्याला मिळाले. विलायतेची टपाल-जहाजे येथे लागत, आणि काही काळ पेशावरकडे जाणारी फ्रंटियर मेल थेट धक्क्याजवळच्या स्थानकातून सुटे. आता तेथे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे आहे. पूर्वी येथून जाणाऱ्याला कोठेतरी पोहोचायचे असे. शिकागोच्या १८९३ सालच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी यांना आले. साधूंना समुद्रप्रवास वर्ज्य असल्याने वीरचंद राघवजी गांधी मुंबईहून आगबोटीने गेले. परतल्यावर समाजातील काहींनी त्यांच्या समुद्रगमनावर आक्षेप घेतला, तोही जहाजावर आणि परदेशात आचार कसा राखला जाईल या काळजीपोटीच. सव्वाशे वर्षांनंतर रांगेतल्या आजींच्या मनातही तीच काळजी असते. फरक इतकाच की आजींना शिकागोला जायचे नसते. त्यांना तसे पाहिले तर कोठेच जायचे नसते.

क्रूझचे मर्म नेमके येथे आहे. १९५८ साली अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि प्रवासासाठी जहाज ही गरज संपली. आठवड्याचे अंतर विमानाने काही तासांवर आणले, तेव्हा रिकाम्या होऊ लागलेल्या जहाजांना नवे काम शोधावे लागले. कोठे पोहोचायचे हा हेतू बाजूला ठेवून जहाज हाच मुक्काम झाला. २०२१च्या सप्टेंबरपासून मुंबईहून फेऱ्या करू लागलेल्या जहाजाचीही कथा अशीच आहे. १९९० साली फ्रान्समधील सेंट नाझेर येथे ते बांधले गेले आणि तीन दशके परदेशी पर्यटकांना घेऊन फिरल्यावर हिंदुस्थानी पाण्यात आले. अकरा डेक, सुमारे ४८ हजार टनभार. (हा टनभार म्हणजे वजन नव्हे, तर जहाजातील बंदिस्त जागेचे मोजमाप, आजोबांना मात्र ते वजनच वाटते आणि एवढे लोखंड तरंगते कसे, यावर ते नातवाला घोळून घोळून विचारतात.) जगात याच्या पाचपट आकाराची जहाजे आहेत. २०२४ साली समुद्रात उतरलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ची लांबी ३६५ मीटर असून त्यावर वीस डेक आहेत. तालुक्याचे गाव समुद्रात सोडावे तसा तो प्रकार.

कोकणातल्या माणसाला आगबोट नवी नाही. मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जाणाऱ्या बोटींवर कित्येक पिढ्या वाढल्या. डेकवर वळकटी पसरायची, बंदर आले की हेलकावणाऱ्या पडावात उतरायचे, उलट्या, आरडाओरडा, किनाऱ्यावर कंदील घेऊन उभे असलेले नातेवाईक. त्या प्रवासात सुख फारसे नव्हते, पण किनारा सारा ओळखीचा होत असे. आजची क्रूझ तोच किनारा रात्रीच्या अंधारात दुरून ओलांडते. डेकवर संगीत चालू असते आणि दूरवर एखादे दीपगृह उघडझाप करत मागे पडते. ते कोणते, हे विचारणारा प्रवासी क्वचितच.

तरीही या सहलीची ओढ खोटी नाही, आणि तिला हसण्याचे कारण नाही. आजींनी तरुणपणी शिखरजीची वंदना पायी केलेली असते. चढण, टोकांवरचे दर्शन आणि उतरण मिळून २७ किलोमीटर. आता गुडघे कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायऱ्यांनाही नकार देतात. एरवीच्या सहलीत अशा माणसाला गाडीत बसवून बाकीचे ‘आम्ही पाहून येतो’ म्हणून पुढे जातात. येथे लिफ्ट आहे, खोलीपासून वरच्या डेकपर्यंत सपाट वाट आहे, दमल्यावर पाठ टेकायला खोली पाच मिनिटांवर आहे. बॅग एकदा उघडायची आणि एकदा बांधायची. मुले तरण तलावात, सून मैत्रिणीबरोबर कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मुलगा फोनला नेटवर्क नाही म्हणून प्रथमच निवांत. जेवायला मात्र सगळे एका टेबलाशी. ज्या घरात धंदा, शाळा आणि शिकवण्या यांमुळे एका वेळी पाच माणसे जेवायला बसत नाहीत, तेथे या टेबलाची किंमत तिकिटाइतकीच आहे.

पहाटेचा डेक तर खरोखरच अपूर्व असतो. रात्री उशिरापर्यंत नाचगाणी चाललेली, त्यामुळे सूर्योदयापूर्वी वर कोणीच नसते. सफाईचे पाणी वाळत असते, वारा खारा असतो, चारही दिशांना पाण्याशिवाय काही नाही. सामायिकाला बसण्यासाठी याहून शांत जागा मोठ्या शहरातल्या कोणत्याही घरात मिळणार नाही. ४८ मिनिटे संपून डोळे उघडावेत तो पूर्वेला तांबडे फुटलेले असते. खिडकी नसलेल्या आतल्या खोल्या सर्वांत स्वस्त असतात आणि त्यांत दिवस-रात्र कळत नाही. पण ज्याला पहाटे उठायची सवय आहे, त्याचे त्या खोलीत काही अडत नाही. पैसे वाचतात ते वेगळेच.

जेवणाचा प्रश्न मात्र सोपा नाही. हिंदुस्थानी प्रवाशांसाठी चालणाऱ्या जहाजांवर जैन जेवणाची सोय असल्याचे आवर्जून सांगितले जाते, आणि कांदा, लसूण, बटाटा, गाजर वगळलेले पदार्थ मिळतातही. पण ‘जैन’ या पाटीखाली स्वयंपाकघराला अभिप्रेत असतो तो एवढाच वगळण्याचा हिशेब. झारा तोच आहे का, तेल तेच आहे का, सॅलडवर मध ओतला आहे का, केकमध्ये अंडे आहे का, हे ज्याचे त्याने विचारायचे. शेजारच्याच काउंटरवर मांसाहार मांडलेला असतो. काही कुटुंबांना याचे काही वाटत नाही, काहींचा घास अडतो. निघण्यापूर्वी घरात याविषयी मोकळेपणाने बोलणे झालेले नसेल तर पहिल्याच रात्री टेबलावर अबोला येतो. आजी दूध आणि फळे घेऊन उठतात आणि सुनेला आपण त्यांना उगाच आणले असे वाटत राहते.

त्यात वेळेचा घोळ. रात्रीचे जेवण बहुधा दोन पाळ्यांत वाढतात, आणि लवकरची पाळीही हिवाळ्यात सूर्यास्ताला धरून किंवा त्यानंतर सुरू होते. चौविहार करणाऱ्याला चहाच्या वेळच्या खाण्यातच आपले जेवण बसवावे लागते. आगाऊ कळवले तर साडेपाचला गरम फुलके आणि वरण मिळू शकते. न कळवता मागितले तर मिळते ते सँडविच. प्रवासात सूर्यास्ताचीही वेळ बदलते. डिसेंबरात मुंबईला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जहाज दक्षिणेला जाते तसा हिवाळ्यातला दिवस मोठा होत जातो, आणि अगत्तीजवळ हाच सूर्यास्त पाव तासाने पुढे गेलेला असतो. गावाकडे सूर्यास्त पंचांगातून कळतो, इमारतींमागे तो कधी झाला हे दिसत नाही. समुद्रावर मात्र बिंबाची शेवटची कडा पाण्यात बुडताना डोळ्यांसमोर दिसते. मौज अशी की वरच्या डेकवर उभ्या असलेल्याला ती खालच्या डेकवरच्या माणसापेक्षा काही क्षण अधिक दिसते, कारण उंचीबरोबर क्षितिज दूर सरते. त्या काही क्षणांत पाण्याचा शेवटचा घोट घ्यावा की नाही, यावर आजी आणि नातू यांच्यात गंभीर चर्चा होते. आजी पंचांगाच्या बाजूने असतात.

मुंबईपासून सुमारे ९०० किलोमीटरवर अगत्ती येते. किंवा येते असे म्हणायचे. कारण जहाज बेटाला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात ते थांबते आणि प्रवासी लहान होड्यांतून आत जातात. जहाजाच्या बाजूला उघडलेल्या दारातून डुलणाऱ्या होडीत पाऊल टाकण्याचा तो क्षण वृद्धांसाठी कठीण असतो. समुद्राला जोर असला तर उतरणे रद्दही होते. आत गेल्यावर जे दिसते त्याचे वर्णन छायाचित्रांनी आधीच करून ठेवलेले असते, तरी माणूस गप्प होतो. उथळ खाजणातले पाणी तळापर्यंत दिसते. पाचूसारखे हिरवे, मग एका रेषेवर एकदम गडद निळे. माडांखालून जाणारा एकच लांब रस्ता, एका टोकाला विमानतळाची धावपट्टी. बेटाची लांबी सुमारे सात किलोमीटर, रुंदी बहुतेक ठिकाणी एक किलोमीटरही नाही.

लक्षद्वीप हा ३६ बेटांचा समूह. त्यांपैकी दहांवर वस्ती, सर्वांचे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत अगत्तीची लोकसंख्या सुमारे साडेसात हजार होती. एका सकाळी हजार-दीड हजार माणसे उतरवणारे जहाज अशा गावात आले तर काय होत असेल याची कल्पना करावी. शहाळी विकली जातात, होडीवाल्यांना काम मिळते, ही जमेची बाजू खरीच. पण दुपारी चारपर्यंत सर्व परत जहाजावर गेलेले असतात. मुक्काम नाही, बेटावरचे जेवण नाही, कोणाच्या ओसरीवर बसणे नाही. बेटावर काथ्या कसा वळतात, टुना मासेमारीवर गाव कसे चालते, तेथली मलयाळम कानाला कशी वेगळी लागते, हे कळायला निदान एक रात्र हवी. क्रूझ ती देत नाही. तिला बेट दाखवायचे असते, आणि रात्रीच्या कार्यक्रमाला प्रवासी परत हवे असतात.

या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर होऊन तरंगते. विहिरीतून जास्त उपसा झाला की तो थर फाटतो आणि खारे पाणी वर येते. म्हणून २००५ साली कवरत्तीला एक आगळा प्रकल्प उभा राहिला. समुद्राच्या शेकडो मीटर खोलीवरचे थंड पाणी वर आणून, पृष्ठभागावरच्या कोमट पाण्याची वाफ त्याने थंडावून, दिवसाला सुमारे एक लाख लिटर गोडे पाणी मिळवायचे. एका बेटाला पाण्याच्या घोटासाठी एवढा खटाटोप. आणि प्रवाळाच्या कड्याबाहेर उभे असलेले जहाजही समुद्राचेच पाणी गोड करते. त्यातून दीड हजार माणसांची आंघोळ, तरण तलावाशेजारचे शॉवर, रोज बदलले जाणारे टॉवेल आणि चोवीस तास धुतली जाणारी भांडी. दोन्हीकडे पाणी यंत्रातूनच येते. जहाजावर मात्र ते कोठून येते हे कोणाला दिसत नाही, म्हणून नळ उघडा राहतो.

आणि पाणी जाते कोठे? यासाठी ‘मार्पोल’ हा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यानुसार प्रक्रिया न केलेले मैलापाणीही किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरवर, चालत्या जहाजातून हळूहळू सोडण्यास सर्वसाधारणपणे मुभा आहे. उरलेले अन्न बारीक दळून तीन मैलांपलीकडे, न दळता बारा मैलांपलीकडे टाकता येते. अनेक जहाजांवर आता याहून चांगली प्रक्रिया यंत्रे आहेत, हे मान्य करायला हवे. इंधनाचेही तसेच, १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. तरी जहाज बंदरात उभे असतानाही दिवे, वातानुकूलन आणि स्वयंपाकघर यांसाठी सहसा यंत्रे चालूच ठेवावी लागतात. इटलीच्या सरकारने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुन्या वस्तीसमोरच्या जलमार्गातून बंदी केली, ती अशाच अनेक कारणांनी. प्रवाळाचे दुखणे केवळ जहाजांमुळे नाही. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडते, आणि लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ साली ते पाहिले आहे. पण तापणाऱ्या समुद्रात धुराडी घेऊन प्रवाळ पाहायला जाणे, यातली विसंगती लपत नाही.

बुफेत ही सारी गोष्ट ताटाएवढी होते. पैसे आधीच भरलेले असतात. एरवी सहलीत खिसा मर्यादा घालतो. दुसरे आइस्क्रीम मागितले की वडील डोळे वटारतात. येथे वडिलांचीही ताटली भरलेली असते. चार प्रकारची भाजी, दोन पुलाव, पाच गोड पदार्थ. चव पाहण्यासाठी म्हणून घ्यायचे आणि तसेच ठेवून उठायचे. टेबलावरून उचलली जाणारी अर्धी भरलेली ताटे मोजायला एखाद्याने बसावे. ती अर्धी ताटे दळून तीन मैलांपलीकडच्या त्याच निळ्या पाण्यात जाऊ शकतात, हे खाणाऱ्याच्या गावीही नसते. श्रावकाच्या व्रतांत दिशांचे परिमाण आहे आणि भोगोपभोगाचेही. प्रवास किती, वापर किती, हे आधी आपणच ठरवायचे. क्रूझवर यातले दुसरे परिमाण घालायला बाहेरचे कोणीही उरलेले नसते.

आजी मात्र घरच्यासारख्याच जेवतात. साडेपाचला मिळालेले दोन फुलके, वरण आणि दुधीची भाजी संपवून पेल्यातले थोडे पाणी ताटात ओततात, बोटाने फिरवतात आणि पिऊन टाकतात. नातू इकडेतिकडे पाहतो. कोणी पाहिले तर काय म्हणेल. पाहणारा असतो तो वाढपी. गोव्याचा किंवा रत्नागिरीकडचा, सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर आलेला. तो ते स्वच्छ ताट क्षणभर हातात धरतो आणि दुसऱ्या दिवशी न सांगता साडेपाचला आजींचे टेबल पुसून ठेवतो.

या माणसांविषयी क्रूझच्या रंगीत पुस्तिकांत एक ओळ नसते. गोव्यातल्या गावागावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले जहाजांवर जात आली. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात त्यांच्या गावांच्या नावाने चालणाऱ्या कुडी आजही आहेत. बोट मिळेपर्यंत खलाशाने तेथे पेटी ठेवायची, खाटेपुरती जागा घ्यायची आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहायचे. डॉलरमधल्या पगाराने किती घरांवर स्लॅब पडला, किती बहिणींची लग्ने झाली. बदल्यात जलरेषेच्या आसपासच्या डेकवरची लहान खोली, सुट्टीविना महिने, आणि मुलाचे पहिले पाऊल फोनवर पाहणे. प्रवाशाचा विसावा या माणसाच्या जागरणावर उभा असतो. शेवटच्या दिवशी बिलात लावलेल्या सेवाशुल्कावर वाद घालणारे प्रवासी याच वाढप्याशी चार दिवस हसून बोललेले असतात.

अपघाताची भीती अनेकांना असते, ती बहुतांशी अनाठायी आहे. २०१२च्या जानेवारीत इटलीतील जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण गेले. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची तालीम जहाज निघण्यापूर्वीच घेण्याची पद्धत कडक झाली. या तालमीत गप्पा न मारता उभे राहावे. साथीची काळजी अधिक खरी. २०२०च्या फेब्रुवारीत योकोहामा येथे अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वरील ३,७११ जणांपैकी सातशेहून अधिकांना करोनाने गाठले होते. बंदिस्त जागेत हजारो माणसे एका चमच्याने वाढून घेतात. हात धुण्याचा जुना कटकट्या नियम तेथे फार उपयोगी पडतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळतो, मच्छीमारांच्या होड्याही किनाऱ्याला लागतात आणि मुंबईच्या क्रूझ सफरी थांबतात किंवा दुसऱ्या किनाऱ्याकडे वळतात. चातुर्मासात कोणाला मोहच पडू नये, अशी ही परस्पर झालेली व्यवस्था.

परतीच्या सकाळी मुंबई धुक्यातून वर येते. जहाजावर घाई असते, कारण दुपारी पुढची खेप चढायची आहे आणि प्रत्येक खोलीच्या चादरी बदलायच्या आहेत. धक्क्यावर टॅक्सीवाल्यांशी घासाघीस होते. जयसिंगपूरकडे जाणारी गाडी रात्रीची. मधल्या वेळात कुटुंब भुलेश्वरकडे दर्शनाला जाते. गाभाऱ्यासमोर हात जोडून उभे असताना आजींना एकदम फरशी डुलल्यासारखी वाटते आणि त्या खांबाला धरतात. नातू हसतो. मग त्यालाही डुलल्यासारखे वाटते आणि तोही खांब धरतो.